एक टक्का, पण कशाचा? अकरावीच्या रसायनातील संहती, एकके आणि संयुगांची नावे

शंकासूर (धागाकर्ता)

नमस्कार. माझी मुलगी यंदा अकरावी विज्ञान शाखेत आहे आणि पंचवीस वर्षांपूर्वी मी सोडून दिलेले रसायनशास्त्र तिच्या निमित्ताने पुन्हा घरात आले आहे. व्यवसायाने मी लेखापाल असल्यामुळे गुणाकार-भागाकार सहसा चुकत नाही. तरीही संहतीच्या (द्रावणात पदार्थ किती प्रमाणात आहे याच्या) तीन गणितांत आम्हा दोघांची उत्तरे एकमेकांशी जुळतात आणि उत्तरसूचीशी मात्र जुळत नाहीत. याचा अर्थ चूक आकडेमोडीत नसून समजुतीत असावी.

पहिले गणित असे: मोरचुदाचे ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल; एक मोल म्हणजे रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम) द्रावण २५० मिली तयार करायचे असल्यास किती ग्रॅम मोरचूद घ्यावे? आमचे उत्तर ३.९९ ग्रॅम, उत्तरसूचीत ६.२४ ग्रॅम.

दुसरे: बाटलीवर 'सल्फ्युरिक आम्ल ९८ टक्के, घनता १.८४ ग्रॅम प्रति मिली' असे लिहिले आहे, तर त्याची मोलॅरिटी (लिटरमागे मोल) किती? आमचे उत्तर १०, उत्तरसूचीत १८.४.

तिसरे: विहिरीच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजन लिटरला १२ मिलिग्रॅम आढळले; नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम असेल, तर पाणी पिण्यायोग्य आहे का? आम्ही 'आहे' असे लिहिले. उत्तरसूची 'नाही' म्हणते, आणि बारा हा आकडा पंचेचाळिसापेक्षा मोठा कसा ठरतो हे मला खरोखरच कळलेले नाही.

खडूफळा

तीस वर्षे अकरावी-बारावीला रसायन शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे हे तीनही आकडे ओळखीचे आहेत. दर वर्षी अर्ध्या वर्गाच्या वह्यांत ३.९९ आणि १० हीच चुकीची उत्तरे असत. आपल्या तीन गणितांत तीन वेगवेगळ्या चुका दिसत असल्या, तरी त्यांचे मूळ एकच आहे. आकड्याशेजारी त्याचे पूर्ण नाव लिहिलेले नाही. रुपयांच्या हिशेबात आपण 'पाच हजार' एवढेच न लिहिता कोणत्या खात्यावर, जमा की नावे, हेही लिहिता. तीच शिस्त येथे हवी.

मोरचुदापासून सुरुवात करतो. आपण कॉपर सल्फेटचे रेणुवस्तुमान १५९.६ घेतले. ते निर्जल, पांढऱ्या कॉपर सल्फेटचे आहे. बाजारात आणि शाळेच्या कपाटात असलेले निळे मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट. त्यात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू स्फटिकात बांधलेले असतात. त्या पाण्याचे वजन ५ × १८.०२ म्हणजे ९०.१, आणि एकूण रेणुवस्तुमान २४९.७. आता गणित पूर्ण नावांसह मांडू:

०.१ मोल प्रति लिटर × ०.२५० लिटर = ०.०२५ मोल मोरचूद

०.०२५ मोल × २४९.७ ग्रॅम प्रति मोल = ६.२४ ग्रॅम मोरचूद

लिटर लिटराशी कटतो, मोल मोलाशी कटतो, आणि उरतो तो फक्त ग्रॅम. उरलेले एकक जर मागितलेले एकक नसेल, तर आकडा पाहण्याचीही गरज नाही; मांडणी चुकलेली आहे. आपले ३.९९ ग्रॅम हे उत्तर निर्जल पावडर वापरली असती तर बरोबर होते. मुलीने तेवढे निळे स्फटिक तोलले असते, तर द्रावण ०.१ ऐवजी साधारण ०.०६४ मोलर झाले असते, आणि ते नुसते डोळ्यांनी पाहून कोणालाही समजले नसते.

पाठ्यपुस्तकात 'संयुगांचे नामकरण' आणि 'संहती' ही दोन वेगळी प्रकरणे असतात, म्हणून मुले पहिले पाठ करून विसरतात आणि दुसऱ्यात सूत्रे घोकतात. प्रत्यक्षात नाव हीच गणिताची पहिली पायरी असते, कारण नावावरून रेणुसूत्र ठरते, रेणुसूत्रावरून रेणुवस्तुमान आणि रेणुवस्तुमानावरून ग्रॅम. पारंपरिक नावे येथे विशेष फसवतात. मोरचूद, हिराकस, धुण्याचा सोडा, तुरटी या चारही नावांत पाणी दडलेले आहे आणि नाव त्याविषयी चकार शब्द काढत नाही. धुण्याच्या सोड्याचे स्फटिक तर वजनाने सुमारे ६३ टक्के पाणीच असतात: निर्जल सोडिअम कार्बोनेट १०६, आणि दहा पाण्यांसह २८६.

आता आम्ल. आपण ९८ टक्के म्हणजे १०० मिलीत ९८ ग्रॅम असे धरले. बाटलीवरचा टक्का वजनी आहे, म्हणजे १०० ग्रॅम द्रवात ९८ ग्रॅम आम्ल. एक लिटर द्रवाचे वजन १८४० ग्रॅम, त्याचे ९८ टक्के म्हणजे १८०३ ग्रॅम, त्यास ९८.०८ ने भागले की १८.४ मोल. घनता प्रश्नात शोभेसाठी दिलेली नव्हती. वजनाकडून आकारमानाकडे जाण्याचा तोच एकमेव पूल आहे, आणि आपले उत्तर घनता न वापरताच आले, एवढ्यावरूनच शंका यायला हवी होती.

याच बाटलीची मोलॅलिटी काढून पाहण्याची गंमत मुलीला अवश्य करू द्या. १०० ग्रॅममध्ये ९८ ग्रॅम आम्ल आणि केवळ २ ग्रॅम पाणी. मोलॅलिटी द्रावकाच्या किलोग्रॅममागे मोजतात, म्हणून सुमारे १ मोल भागिले ०.००२ किलोग्रॅम, म्हणजे जवळजवळ ५००. एकच बाटली, मोलॅरिटी १८.४ आणि मोलॅलिटी ५००! पाण्याच्या विरल द्रावणांत या दोन्ही राशी जवळजवळ सारख्या येतात आणि त्यामुळे विद्यार्थ्यांना हा भेद म्हणजे परीक्षकांचा छळ वाटतो. संहत आम्लाच्या बाटलीपाशी आल्यावर तो छळ नव्हता हे पटते.

तिसऱ्या गणिताचे उत्तर येथील 'थेंबेथेंबे' यांनी द्यावे. पाणी हा त्यांचा रोजचा विषय आहे.

थेंबेथेंबे

सरांनी चेंडू माझ्याकडे टोलवलाच आहे. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते आणि हा गोंधळ मुलांपुरता नाही. अहवाल घेऊन येणारी मोठी माणसेही याच ठिकाणी अडखळतात.

'नायट्रेट-नायट्रोजन १२' याचा अर्थ नायट्रेट आयनांमध्ये (विद्युतभार असलेल्या कणांमध्ये) असलेल्या फक्त नायट्रोजनचे वजन १२ मिलिग्रॅम आहे, त्याला जोडलेल्या प्राणवायूचे वजन मोजलेले नाही. नायट्रेट आयनाचे वजन ६२ आणि त्यातील नायट्रोजनचे १४. म्हणून १२ × ६२ ÷ १४ = ५३ मिलिग्रॅम नायट्रेट प्रति लिटर, आणि ते ४५ च्या वर आहे. भारतीय मानक १०५०० (पिण्याच्या पाण्याचे मानक) मधील ४५ ही मर्यादा संपूर्ण नायट्रेटच्या वजनात आहे; अमेरिकेत हीच मर्यादा १० अशी छापतात, कारण ते नायट्रोजनच्या वजनात सांगतात. ४५ चा नायट्रोजन काढला की १०.२ येतो, म्हणजे दोन्ही देश जवळपास एकच गोष्ट बोलत आहेत. इंटरनेटवर परदेशी तक्ता पाहून 'आपली मर्यादा साडेचारपट ढिली आहे' असे सांगणारे दर पावसाळ्यात एकदोन भेटतातच.

पाण्याच्या कठीणपणाचेही असेच आहे. अहवालात कठीणपणा 'कॅल्शिअम कार्बोनेटच्या रूपात' लिहितात, जरी पाण्यात प्रत्यक्ष कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमचे आयन असले तरी. लिटरला ८० मिलिग्रॅम कॅल्शिअम असेल तर त्यामुळे येणारा कठीणपणा २०० लिहिला जातो, कारण ४० आणि १०० या वजनांचे गुणोत्तर अडीच आहे. तेव्हा 'किती' याच्या जोडीला 'कोणत्या रूपात मोजले' हेही विचारावे.

एक सूचना मराठीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. नायट्राइट आणि नायट्रेट, सल्फाइट आणि सल्फेट, क्लोराइट आणि क्लोरेट यांत फरक एका स्वराचा आहे, आणि घाईच्या हस्ताक्षरात तो नाहीसा होतो. पाण्याच्या बाबतीत नायट्राइट आणि नायट्रेट यांच्या सुरक्षित मर्यादा खूपच वेगळ्या आहेत. नावाशेजारी रेणुसूत्र लिहिण्याची सवय लावल्यास वाचणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही.

गणितप्रेमी

एवढा खल करण्याची आवश्यकता आहे का? मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजेच पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग), टक्का गुणिले दहा हजार म्हणजे पीपीएम, आणि विरलीकरणासाठी संहती गुणिले आकारमान दोन्हीकडे समान. ही तीन सूत्रे पाठ असली की प्रवेश परीक्षेत वेळ वाचतो.

थेंबेथेंबे

पहिले सूत्र आपल्या पिण्याच्या पाण्यासाठी चालते, कारण तेथे एका लिटरचे वजन जवळजवळ एक किलोग्रॅम असते. तेच सूत्र वरच्या आम्लाला लावून पाहावे. ९८ टक्के म्हणजे वजनाने ९,८०,००० पीपीएम. पण मिलिग्रॅम प्रति लिटर काढले तर १८,०३,००० येतात. या दोहोंना समान मानले, तर दहा लाख भागांत अठरा लाख भाग आम्ल आहे असे म्हणावे लागेल.

खडूफळा

विरलीकरणाच्या सूत्रालाही एक पुस्ती जोडतो. १८.४ मोलर आम्लापासून १ मोलरचे ५०० मिली हवे असल्यास ५०० ÷ १८.४ = २७.२ मिली आम्ल लागते, हे सूत्र बरोबरच सांगते. मात्र त्यावरून '४७२.८ मिली पाणी मोजून घाला' असा निष्कर्ष काढणे चूक आहे. आकारमानांची बेरीज होईलच असे नाही. ५० मिली अल्कोहोल आणि ५० मिली पाणी एकत्र केल्यास १०० मिली न भरता ९६-९७ मिलीच्या आसपास भरते. म्हणून गळ्यावर खूण असलेल्या चंबूत आधी बरेचसे पाणी घेऊन त्यात आम्ल सावकाश, ढवळत सोडायचे, द्रावण थंड होऊ द्यायचे आणि मग खुणेपर्यंत पाणी भरायचे. क्रम उलटा करू नये: आम्लात पाणी ओतल्यास उष्णतेने ते उकळून अंगावर उडते. आणि मुलीने हे घरी करू नये. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, चष्मा लावून करावे.

पाठांतराविषयी म्हणाल तर सूत्राला माझा विरोध नाही, पण मंडळाच्या परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात आणि एककांसह लिहिलेल्या पायऱ्यांत स्वतःची चूक स्वतःला सापडते. सूत्रात आकडे टाकून आलेल्या उत्तरात ती सापडत नाही.

द्राक्षवेल

मी निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदार आहे. रसायनशास्त्र बारावीनंतर सुटले, परंतु मोरचूद सुटले नाही, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

आमच्याकडे एक टक्का बोर्डो मिश्रण (वेलींवर फवारायचे बुरशीनाशक) म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. येथील एक टक्का मोरचुदाचा आहे, तांब्याचा नाही, आणि तो आकारमानामागे वजन असा आहे. सरांच्या पद्धतीने मांडून पाहिले: लिटरला १० ग्रॅम मोरचूद, भागिले २४९.७, म्हणजे ०.०४ मोलर. मोरचुदाच्या २४९.७ पैकी तांबे ६३.५, म्हणजे सुमारे २५.४ टक्के, म्हणून लिटरमागे तांबे २.५४ ग्रॅम.

आता कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांब्याच्या दुसऱ्या बुरशीनाशकाची ५० टक्के पावडर घ्या. त्या पुड्यावरचे ५० टक्के हे तांब्याचे असतात, संयुगाचे नव्हेत. लिटरला अडीच ग्रॅम पावडर टाकली तर तांबे सव्वा ग्रॅम. मोरचुदावरचा टक्का संयुगाचा आणि ऑक्सिक्लोराइडवरचा धातूचा, हे लक्षात न घेता दोन फवारण्यांची तुलना करणारे शेजारी मी पाहिले आहेत, आणि काही वर्षे त्यांत मीही होतो. एका हंगामात या गैरसमजातून मी दुप्पट मात्रा वापरली आणि कोवळी पाने करपली.

मिश्रण जमले की नाही हे पाहण्यासाठी आम्ही त्यात लोखंडी विळा बुडवतो. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजून चुन्याची निवळी वाढवतो. यामागचे रसायन कोणी सांगितले तर बरे होईल.

खडूफळा

आपले गणित अचूक आहे, आणि विळ्याची परीक्षा हा विस्थापन अभिक्रियेचा सुंदर नमुना आहे. चुन्याने अद्याप न बांधलेले तांब्याचे आयन द्रावणात मोकळे असतील, तर लोखंड विरघळते आणि तांबे पात्यावर बसते, कारण लोखंड तांब्याहून अधिक क्रियाशील आहे. हे मोकळे तांबेच कोवळ्या पानांना भाजते. चुना पुरेसा असला की तांबे अविद्राव्य रूपात जाते आणि विळा स्वच्छ राहतो. लोखंडाच्या किंवा जस्त चढवलेल्या पिंपात हे मिश्रण का करू नये, याचे कारणही तेच. बोर्दो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मिलार्दे यांनी १८८५ मध्ये या मिश्रणाची माहिती प्रसिद्ध केली. वाटसरूंनी रस्त्याकडेची द्राक्षे तोडू नयेत म्हणून तेथील मळेवाले वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत असत, आणि त्याच वेली केवडा रोगापासून वाचलेल्या मिलार्दे यांना दिसल्या होत्या.

ऑक्सिक्लोराइड या नावाविषयी मात्र थोडे बोलायला हवे. नाव ऐकून त्यात ऑक्साइड आणि क्लोराइड असेल असे वाटते. प्रत्यक्षात तांब्याचे दोन, क्लोराइडचा एक आणि हायड्रॉक्साइडचे तीन असे आयन त्यात असतात. म्हणून डायकॉपर क्लोराइड ट्रायहायड्रॉक्साइड हे नाव अधिक प्रामाणिक आहे. तांब्याची संयुजा दोन, दोन तांब्यांचे धनभार चार, आणि एक अधिक तीन असे ऋणभारही चार. कोणत्याही आयनिक संयुगाचे रेणुसूत्र या एका ताळेबंदावर लिहिता येते, आणि शंकासूर यांना ताळेबंद मी शिकवायला नको. या रेणुसूत्रावरून शुद्ध संयुगात तांबे ५९.५ टक्के येते. पुड्यावरचे ५० टक्के जर संयुगाचे असते, तर तांबे जेमतेम ३० टक्के निघाले असते.

लोहाची नावेही त्याच ताळेबंदाने सुटतात. फेरस म्हणजे दोन धनभारांचे लोह, फेरिक म्हणजे तीन धनभारांचे. फेरस सल्फेटमध्ये लोह एक, सल्फेट एक. फेरिक सल्फेटमध्ये लोह दोन, सल्फेट तीन. नव्या पद्धतीत धातूच्या नावापुढे कंसात रोमन आकडा लिहितात, म्हणजे आयर्न दोन किंवा आयर्न तीन. ही रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टोक यांनी १९१९ मध्ये सुचवली. तिचा लाभ असा की 'अस' आणि 'इक' हे प्रत्यय नेमका भार सांगत नाहीत, फक्त कमी की जास्त एवढेच सांगतात: क्युप्रस म्हणजे एक आणि क्युप्रिक म्हणजे दोन, पण फेरस म्हणजेही दोनच. आणि संहतीशी याचा संबंध असा की ०.१ मोलर फेरिक सल्फेटमध्ये लोह ०.२ मोलर असते.

सातासमुद्रापार

मी इंग्लंडमध्ये राहते. आई पुण्याहून रक्ततपासणीचे अहवाल पाठवते तेव्हा हाच विषय माझ्या घरी निघतो. तिची उपाशीपोटीची साखर १२६ आणि माझी ७ अशी तुलना करून ती एकदा फार घाबरली होती. तिचा आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, माझा मिलिमोल प्रति लिटर. ग्लुकोजचे रेणुवस्तुमान १८० असल्यामुळे १८ ने भागले की दोन्ही आकडे तंतोतंत एकच निघाले (म्हणजे आम्ही दोघीही मधुमेहाच्या उंबरठ्यावर होतो, हा भाग वेगळा).

नावाचा घोळही येथे आहे. भारतात बऱ्याच ठिकाणी 'ब्लड युरिया' लिहितात, तर अमेरिकेतील माझ्या भावाच्या अहवालात 'ब्लड युरिया नायट्रोजन' असते. युरियाचे वजन ६०, त्यातील नायट्रोजन २८. म्हणून आईचा युरिया ३० म्हणजे त्याच्या पद्धतीने १४. थेंबेथेंबे यांच्या नायट्रेटचीच ही बहीण.

गणितप्रेमी

मागील प्रतिसादातील पीपीएमची चूक मान्य आहे. एक प्रश्न विचारतो: रुग्णालयातील 'नॉर्मल सलाइन'ची नॉर्मॅलिटी (लिटरमागे सममूल्ये; आम्लासाठी, लिटरमागे ते देऊ शकणाऱ्या हायड्रोजन आयनांचे मोल) एक असते का?

खडूफळा

नाही. ते ०.९ टक्के, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ, भागिले ५८.४४ म्हणजे ०.१५४ मोलर, आणि सोडिअम क्लोराइडसाठी नॉर्मॅलिटीही ०.१५४ च. येथील 'नॉर्मल'चा रसायनाच्या नॉर्मॅलिटीशी संबंध नाही.

शंकासूर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री आम्ही तीनही गणिते एककांसह पुन्हा मांडली आणि उत्तरसूचीशी जुळली. त्यानंतर मुलीने असा प्रश्न विचारला की मी निरुत्तर झालो: महाविद्यालयातील धुण्याच्या सोड्याची बाटली बरेच दिवस सैल झाकणाने राहिली होती आणि स्फटिकांवर पांढरी भुकटी धरली होती. बाटलीवर 'डेकाहायड्रेट' लिहिलेले आहे, म्हणून २८६ हेच रेणुवस्तुमान घ्यायचे का?

खडूफळा

मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. त्या बाटलीवर २८६ धरू नये. ते स्फटिक कोरड्या हवेत पाणी गमावतात आणि हळूहळू एका पाण्याच्या रूपाकडे, म्हणजे १२४ कडे जातात. मधल्या अवस्थेत कोणतेच रेणुवस्तुमान खरे नसते. सोडिअम हायड्रॉक्साइडचे उलट आहे, ते हवेतील ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. म्हणून असे पदार्थ तोलून नेमकी संहती मिळत नाही. अंदाजे द्रावण करून ते एखाद्या भरवशाच्या पदार्थाविरुद्ध अनुमापनाने (टायट्रेशनने, म्हणजे अभिक्रिया पूर्ण होईपर्यंत मोजून मिसळून) तपासावे लागते. शाळा-महाविद्यालयांत त्यासाठी ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक वापरतात. त्यातही दोन पाणी आहेत, पण ते साध्या हवेत टिकून राहतात, म्हणून १२६.०७ हा आकडा विश्वासाने घेता येतो.

तिच्यासाठी पुढचे गणित: ऑक्झॅलिक आम्लाचे ०.१ नॉर्मल द्रावण २५० मिली करण्यास किती ग्रॅम लागतील? आम्ल दोन हायड्रोजन आयन देते, हे विसरू नये.

शंकासूर (धागाकर्ता)

तिचे उत्तर: ०.१ नॉर्मल म्हणजे ०.०५ मोलर, ०.०५ मोल प्रति लिटर × ०.२५० लिटर × १२६.०७ ग्रॅम प्रति मोल = १.५८ ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल डायहायड्रेट. 'डायहायड्रेट' या शब्दाखाली तिने दोन रेघा ओढल्या आहेत.